दोन कोकरांची मेंढी: सुंदरबन ते सांगली, व्हाया ऑस्ट्रेलिया

मागच्या वेळी आपण दुष्काळी पट्ट्यातल्या चराऊ रानांचा इतिहास पाहिला होता. आज त्या रानात चरणाऱ्या जनावराकडे वळू.

सुरुवात एका बातमीपासून करू, तुमच्यापैकी अनेकांनी ती वाचली असेल. डिसेंबर 2020 मध्ये आटपाडीच्या बाजारात माडग्याळ जातीच्या एका मेंढ्याला 70 लाखांची मागणी आली आणि मालकानं ती नाकारली. त्यांना दीड कोट हवे होते. देशभर चर्चा झाली. तो मेंढा होताच तसा: उंच, लांब मानेचा, पोपटासारखं बाकदार नाक असलेला.

आता आम्ही तुम्हाला एक साधा प्रश्न विचारतो. त्या बाजारात त्याच दिवशी ज्या मेंढ्या विकल्या गेल्या, म्हणजे माद्या, त्यांच्याबद्दल काही वाचलंत? नाही ना. मेंढ्याची बातमी होते, धनगराचं घर मात्र मेंढीवर चालतं. कळपात मेंढे दोन-चार, बाकी सगळ्या मेंढ्या. वर्षाकाठी किती कोकरं विकायला निघाली, यावर घरातलं लग्न, औषधपाणी, पोराची फी ठरते. तेव्हा ‘मेंढी कोणती निवडावी’ हा इतिहासाचाही विषय आहे. गेली दोनशे वर्षं सरकार, शास्त्रज्ञ आणि धनगर या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं देत आलेत.

दख्खनी: काळी लोकर, एकच कोकरू

आपल्या भागातली मूळ मेंढी म्हणजे दख्खनी. तिचे स्थानिक प्रकार आहेत: लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी. यातलं लोणंद तर साताऱ्यातलंच. ही मेंढी अंगानं लहानखुरी, पण चालायला पक्की. जत, आटपाडी, कवठे महांकाळ, माण, खटाव हे सगळे पर्जन्यछायेतले तालुके. पाऊस गेला की रान उघडं पडतं. मग वाडे निघतात, कुणी कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात, कुणी घाट उतरून कोकणात. वाटेत शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखत द्यायचं, बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे. घोड्यावर संसार, सोबत लेकरं, आणि पुढे चालणारं खांड.

या जगण्यात दख्खनी एकदम बसते. तिची लोकर जाड, राठ आणि बहुतेक काळी. वर्षातून दोनदा कातरणी. ती लोकर सणगर विणकरांकडे जायची आणि तिचं घोंगडं व्हायचं. पावसात पांघरायला, थंडीत अंथरायला, देवासमोर टाकायला तेच. आरेवाडीच्या बिरोबाच्या यात्रेला जाऊन बघा, घोंगड्याचं मोल तिथे कळतं.

आणि ही मेंढी एका वेताला एकच कोकरू देते. जुळं क्वचित. शहरात बसलेल्या माणसाला हा दोष वाटेल. पण रोज मैलोन्‌मैल चालणाऱ्या, काटक्याकुटक्या खाऊन जगणाऱ्या आईच्या अंगात एकाच कोकराला पुरेल इतकं दूध असतं. वाटेत जन्मलेलं कोकरू पहिले काही दिवस कुणीतरी उचलून न्यावं लागतं, आणि ते ‘कुणीतरी’ म्हणजे बहुतेक वेळा घरातली बाई. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

साहेबांना हवी होती पांढरी लोकर

एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारची नजर दख्खनच्या लोकरीवर पडली. इंग्लंडच्या गिरण्यांना मऊ, बारीक, पांढरी लोकर हवी होती. इथली राठ आणि काळी. मग उपाय काय? मेरिनो मेंढे आणा, देशी मेंढीशी संकर करा. प्रयोग झाले, कागदावर लोकर सुधारली, पण गावात काही टिकलं नाही.

स्वातंत्र्यानंतर हाच विचार नव्या नावानं परत आला. मेरिनो आणि रॅम्बुले मेंढ्यांशी दख्खनीचा संकर बारीक लोकरीसाठी झाला, पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात मांसासाठी डॉर्सेटशीही झाला. संकरित मेंढी फार्मवर चांगली दिसायची. वजन जास्त, लोकर बरी. पण फार्मवर तिला वेळेवर चारा, पाणी, लस मिळते. वाड्याबरोबर चालताना यातलं काय मिळणार? शिवाय घोंगडं विणणाऱ्या सणगराला ती मऊ पांढरी लोकर नकोच होती.

यात शास्त्रज्ञ वाईट होते असं आमचं म्हणणं नाही. चूक प्रश्न विचारण्यात होती. ‘लोकर कशी सुधारेल’ हे विचारलं गेलं, ‘या घराचं उत्पन्न कशानं वाढेल’ हे फारसं कुणी विचारलं नाही.

बाजार उलटला

आणि दरम्यान बाजारच बदलला. स्वस्त ब्लँकेट आली, घोंगड्याची मागणी ओसरली. पुढे पुढे तर कातरणीची मजुरी लोकरीच्या पैशातून निघेना. उलट मटणाचा भाव चढत गेला. म्हणजे दोन शतकं ज्या लोकरीसाठी खटपट झाली, तीच ओझं झाली.

धनगरांनी यावर स्वतःच उत्तर शोधलं. जत तालुक्यात माडग्याळ नावाचं गाव आहे. तिथली मेंढी अंगानं मोठी, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके, अंगावर लोकर बेताची, आणि कोकरं झपाट्यानं वाढणारी. मटणाच्या बाजाराला हवी तशीच. मग दख्खनीच्या खांडात माडग्याळ मेंढा सोडायचा, हा संकर लोकांनी आपला आपण केला. त्याला ना योजना लागली, ना अनुदान. कवठे महांकाळजवळ रांजणीला मेंढी-शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे, तिथूनही या जातीची जनावरं पुढे गेली. पण खरा प्रसार बाजारातून आणि पाहुण्यारावळ्यांतून झाला.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली. कोकरू मोठं झालं, पण संख्या एकच.

कलकत्त्याहून निघालेलं जनुक

आता थोडं लांब जाऊ. 1792 आणि 1793 साली कलकत्त्याहून जहाजं ऑस्ट्रेलियाला गेली. तिथे इंग्रजांची वसाहत नुकतीच वसत होती, खायला मांस हवं होतं. जहाजात बंगालच्या मेंढ्या होत्या. लहान, दिसायला अगदीच सामान्य, पण एका वेळी दोन-दोन, तीन-तीन कोकरं देणाऱ्या. पुढे तिथे मेरिनोंचं राज्य आलं आणि या बंगाली मेंढ्या त्या कळपांत विरघळून गेल्या. लोक त्यांना विसरले.

दीडशे वर्षांनी न्यू साउथ वेल्समधल्या कूमाजवळ, बुरुला नावाच्या एका शेतावर सिअर्स बंधूंच्या मेरिनो मेंढ्या भराभर जुळी-तिळी द्यायला लागल्या. मेरिनो असं करत नाही. 1958 मध्ये त्यांनी पाच कोकरांच्या वेतातला एक मेंढा सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेला दिला. अभ्यास सुरू झाला. 1980 च्या सुमारास लक्षात आलं की ही करामत एकाच प्रभावी जनुकाची आहे. हेलन न्यूटन टर्नर या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ बाईंनी जुने कागद धुंडाळले आणि बोट ठेवलं त्या कलकत्त्याच्या जहाजांवर. 2001 मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी जनुकातला नेमका बदल शोधला. 2002 मध्ये सिद्ध झालं की सुंदरबनच्या गारोळ मेंढीत तोच बदल आहे.

इतिहासाच्या अभ्यासकांना याचा आनंद होतो. जहाजाच्या नोंदीतून सुचलेली शंका रक्ताच्या थेंबातून खरी ठरली.

फलटणचं काम

ही गोष्ट आपल्या दारात आणली फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं. बनबिहारी निंबकरांनी 1968 मध्ये ही संस्था काढली. पशुसंवर्धन विभाग 1990 मध्ये सुरू झाला आणि चंदा निंबकरांनी मेंढ्यांचं काम पुढे नेलं. त्या दशकात गारोळ मेंढ्या सुंदरबनातून फलटणला आल्या.

आता अडचण बघा. गारोळ जेमतेम दहा-पंधरा किलोची. दलदलीत चरणारी. तिचा दख्खनीशी संकर केला की जुळी येतात, पण जनावर लहान होतं. मटणाच्या बाजारात लहान जनावर कोण घेणार? म्हणून संकरित पिढीचा पुन्हा दख्खनीशी संकर, पुन्हा एकदा, असं करत अंगकाठी परत मिळवायची आणि जनुक तेवढं जपायचं. पण जनुक कुणात आहे हे बाहेरून दिसत नाही. सुरुवातीला दुर्बिणीनं बीजकोशावर किती बीजं सुटली ते मोजावं लागे. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या मदतीनं रक्ताची डीएनए चाचणी आली आणि काम सोपं झालं. ऑस्ट्रेलियाच्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्राचाही या कामाला हातभार होता. यातून उभी राहिलेली मेंढी म्हणजे नारी सुवर्णा.

मग मेंढी निवडायची कशी?

व्याख्यानाला येणारे मेंढपाळ बांधव हेच विचारतात, म्हणून जरा थांबून बोलू.

पहिली गोष्ट. जुळी होणं हा मेंढीचा गुण आहे. जनुक असलेला मेंढा खांडात सोडला म्हणून यंदाच्या मेंढ्या जुळी देणार नाहीत. त्याच्या लेकी देतील, दोनेक वर्षांनी. मेंढ्यात जनुकाच्या दोन्ही प्रती असतील तर प्रत्येक लेकीला एक मिळते, एकच असेल तर सरासरी निम्म्या लेकींना. म्हणून मेंढा घेताना चाचणीचा कागद मागा, नुसत्या देखणेपणावर जाऊ नका.

दुसरी गोष्ट, हिशोब. समजा पन्नास मेंढ्या आहेत. एकेक कोकरू म्हणजे पन्नास. त्यातली पाच दगावली, पंचेचाळीस उरली. आता निम्म्या मेंढ्यांनी जुळं दिलं तर पंचाहत्तर. जुळी अंगानं लहान असतात, जास्त दगावतात. बारा गेली धरा, त्रेसष्ट उरली. अठरा कोकरं जास्त. पण गाभणपणाच्या शेवटच्या दिवसांत आणि व्याल्यावर खुराक वाढवावा लागतो, त्याचा खर्च या अठरांतून वजा करा. खुराक घालायची ऐपत आणि तयारी नसेल, तर अठराची आठही होऊ शकतात, आणि आईही खंगते.

तिसरी गोष्ट, मेंढीचं कास, सड आणि पाय बघा. दोन पिल्लांना दूध पुरलं पाहिजे. दात बघून वय ओळखा, ते आमच्यापेक्षा तुम्हालाच जास्त कळतं. आणि जिथे एका जागी राहून, थोडी बागायत आणि घरचा चारा असताना मेंढ्या पाळता येतात, तिथे जुळ्यांची मेंढी फायद्याची. जो वाडा अजून सहा-आठ महिने रस्त्यावर असतो, त्यानं सगळं खांड एकदम बदलू नये.

उचलणारे हात

आता मघाचा मुद्दा. जुळं झालं की नवरा म्हणतो, ‘बरं झालं.’ पण दोन कोकरं उचलायची कुणी? अशक्त कोकराला धरून सडाला लावायचं, दुसऱ्या मेंढीचं किंवा बाटलीनं दूध पाजायचं, रात्री थंडीत पाटीखाली झाकायचं, हे सगळं बाईच्या वाट्याला येतं. वाढलेल्या उत्पन्नातलं तिच्या हातात किती येतं, हे हिशोबाच्या वहीत नसतं. आमच्या मते मेंढी निवडताना घरातल्या बाईला आधी विचारावं. उपकार म्हणून नव्हे. तिच्या हातांवरच ती मेंढी परवडणार की नाही हे ठरतं.

दोनशे वर्षांत साहेबांनी लोकर मागितली, खात्यानं वजन मागितलं, बाजारानं रुबाब मागितला. सुंदरबनच्या त्या लहानशा मेंढीकडे कुणाचं लक्ष नव्हतं, कलकत्त्याला जहाजात चढवताना तर नक्कीच नव्हतं. आटपाडीच्या पुढच्या बाजारात सगळे त्या लाखमोलाच्या मेंढ्याभोवती जमतील तेव्हा तुम्ही जरा मागे जा, आणि कोपऱ्यात दोन कोकरांना पाजत उभी असलेली एखादी मेंढी दिसते का बघा. दिसली तर तिच्या मालकाला आणि मालकिणीला दोघांनाही विचारा, कसं चाललंय म्हणून. पुढच्या वेळी ती उत्तरं इथे ऐकायला आम्हाला आवडतील.