थापटण्याचा इतिहास

कुंभार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आधी चाक येते. पण मराठवाड्यातल्या सर्वांत प्रसिद्ध कुंभाराच्या, संत गोरोबाकाकांच्या, कथा आठवून पाहा. एका प्रसंगात ते पायांनी चिखल तुडवत आहेत, तर दुसऱ्यात त्यांच्या हाती थापटणे आहे. मातीकामाचा खरा पाया हात आहे, हे लोककथेने बरोबर हेरले आहे.

गोरोबांचे तेर आज धाराशिव जिल्ह्यात येते. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला, तोवर तेर आणि लातूर एकाच जिल्ह्यात होते. तेरचे प्राचीन नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे नगर म्हणून त्याचा उल्लेख आहे. तेथला माल गाड्यांतून भडोचला जाई.

या तगरातल्या सातवाहनकालीन मृण्मूर्ती रामलिंगप्पा लामतुरे यांनी गोळा केलेल्या संग्रहात पाहायला मिळतात. त्यांतल्या अनेक मूर्ती दुहेरी साच्याच्या आहेत. पुढच्या आणि मागच्या साच्यात मातीची पातळ पोळी बोटांनी दाबून बसवायची आणि ओल असतानाच कडा जोडायच्या. मूर्ती पोकळ ठेवण्यामागे शहाणपण आहे. भरीव गोळ्याच्या पोटात ओल राहिली, तर भट्टीत तिची वाफ होऊन मूर्ती फुटते.

आपल्या भागात आणखी एक अडचण असते, ती काळ्या मातीची. नांदेड-लातूरच्या शेताला ही माती वरदान. पण पाण्याने ती फुगते, वाळताना आकसते आणि भेगाळते. म्हणून कुंभार माती पारखून घेतो, तीत राख, लीद मिसळतो आणि एकजीव होईपर्यंत तुडवतो. शिकणाऱ्याचा पहिला धडा हाच. घडवणे त्यानंतरचे.

चाकावरून उतरलेले मडके जाड असते. चाक त्याला तोंड आणि गळा देते; पोट येते ते हाताने. मडके सावलीत थोडे सुकले की आतून दगडी गोळ्याचा आधार द्यायचा आणि बाहेरून थापटण्याने हलके ठोके मारत जायचे. भिंत पातळ होते, घेर वाढतो. भाकरी थापणारीला जशी पिठाची ओल हाताला कळते, तशीच ही कळावी लागते. फार ओले असेल तर मडके बसते, फार सुकले तर तडकते.

मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबांनी संतांच्या डोक्यांवर थापटणे मारून पाहिले आणि नामदेवांना कच्चे ठरवले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. मला तीत कुंभाराचा रोजचा व्यवहार दिसतो. मडके टिचकीच्या आवाजाने पारखायचे असते. कच्चे ठरलेले नामदेव पुढे विसोबा खेचरांकडे गेले, असे परंपरा सांगते. म्हणजे कच्चेपणा हा कायमचा शिक्का नव्हता. शिकण्याची ती सुरुवात होती.

नळ आणि प्लॅस्टिक आल्यावर रांजणाची मागणी घटली. मागणी घटली की शिकणारी मुलेही घटतात, आणि हातातली ही ओळख पुस्तकात मावत नाही. पोळ्याला आपली मुले मातीचे बैल अजूनही करतात. शाळेच्या कार्यानुभवाच्या तासाला गावातल्या एखाद्या जाणत्या कुंभाराला, कुंभारणीला मानाने बोलवावे. मुलांनी त्यांच्या हाताखाली एक मडके थापटून पाहावे. दोन हजार वर्षांचा हा इतिहास पुढे न्यायला सुरुवातीला एवढे पुरेसे आहे.