ऐकणाऱ्याची जागा : मराठी प्रबोधनाच्या रूपबंधांविषयी

मराठी प्रबोधनाचा इतिहास आपण बहुधा लिहिणाऱ्यांचा इतिहास म्हणून शिकतो आणि तसाच शिकवतो. १८३२ मध्ये 'दर्पण' निघाले, १८४८ ते १८५० या काळात लोकहितवादींची शतपत्रे 'प्रभाकर'मधून प्रसिद्ध झाली, १८८८ मध्ये आगरकरांचा 'सुधारक' सुरू झाला, ही क्रमवारी विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. तिच्यात एक प्रश्न मात्र सहसा येत नाही. हे सारे लिहिले जात होते तेव्हा ऐकत कोण होते? रूढ समजुतीविरुद्ध विधान करणे ही एक गोष्ट आहे. ज्याची ती समजूत आहे त्याने ते विधान शेवटपर्यंत बसून ऐकणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे. पहिलीसाठी धैर्य लागते. दुसरीसाठी धैर्याखेरीज रूपबंधाची जाण लागते. ज्या मांडणीत ऐकणाऱ्यालाही काही करण्याजोगी जागा होती तीच मांडणी दूरवर ऐकली गेली, असे आम्हांस वाटते. मात्र त्या ऐकले जाण्याची किंमतही मोजावी लागली, आणि तिचा हिशेब अजून पुरा झालेला नाही.

एकोणिसाव्या शतकातील सुधारकांपुढे पहिला मार्ग होता तो प्रतिपक्षाच्याच आखाड्यात उतरण्याचा. विधवाविवाहाला शास्त्राची संमती आहे, हे ईश्वरचंद्र विद्यासागरांनी बंगालीत मांडले होते. विष्णुशास्त्री पंडितांनी त्यांचा ग्रंथ १८६५ मध्ये मराठीत आणला आणि पुढे शास्त्राधारेच वाद मांडला. १८६९ मध्ये मुंबईत एक विधवाविवाह प्रत्यक्ष घडला, आणि १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांच्या समोर या प्रश्नावर रीतसर वाद झाला. निर्णय सुधारकांच्या विरोधात गेला. विष्णुशास्त्र्यांची विद्वत्ता उणी नव्हती. परंतु वाद ज्या सभेत झाला, तिच्यात सामान्य श्रोता केवळ निकालाची वाट पाहत बसला होता. प्रमाण कोणते, अर्थ कोणता, हे ठरविण्याचा अधिकार पंचांचा. श्रोत्याने स्वतः विचार करावा अशी अपेक्षा दोन्ही पक्षांना नव्हती, आणि जिच्याविषयी वाद चालला होता त्या विधवेला तर त्या सभेत जागाच नव्हती.

आगरकरांनी हा मार्ग नाकारला. सुधारणेचे समर्थन शास्त्रवचनावर अवलंबून ठेवले, की उद्या विरुद्ध वचन सापडताच सुधारणा कोसळणार, हे त्यांनी अचूक ओळखले. म्हणून त्यांनी प्रमाण म्हणून बुद्धी घेतली. टिळकांशी मतभेद झाल्यावर १८८७ मध्ये 'केसरी'चे संपादकत्व सोडून त्यांनी 'सुधारक' काढला आणि सोवळेओवळे, प्रेतसंस्कार, स्त्रियांचे शिक्षण, त्यांचा पोशाख अशा घरातल्या विषयांवर कठोर तर्काने लिहिले. त्याचे फळ म्हणून पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढण्यात आली. या घटनेकडे आपण आगरकरांच्या हौतात्म्याची खूण म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. आगरकरांचा निबंध वाचकापुढे निष्कर्ष ठेवतो, कारणे देतो, आक्षेप स्वतःच उपस्थित करतो आणि स्वतःच खोडून काढतो. त्यात वाचकाला उरते ते मान्य करणे किंवा चिडणे. अनेकांनी दुसरा पर्याय घेतला. ही आगरकरांच्या गद्याची त्रुटी म्हणता येणार नाही; निबंध या रूपाचा तो स्वभावच आहे. तो एकट्याने वाचायचा असतो, आणि वाचता येणाऱ्यालाच वाचता येतो.

जोतीराव फुल्यांनी ही अडचण फार लवकर हेरली होती. १८५५ मध्ये, म्हणजे वयाची तिशीही गाठली नव्हती तेव्हा, त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले. गरोदर कुणबिणीला होणाऱ्या मुलाच्या ग्रहांची भीती घालून जोशी त्या गरीब घराला कसे लुबाडतो, हा त्याचा विषय. हा विषय निबंधातही मांडता आला असता. फुल्यांनी तो संवादात मांडला आणि सोबत एक विदूषक ठेवला. जोशी बोलतो, कुणबी घाबरतो, आणि विदूषक प्रेक्षकाच्या मनात उठू पाहणारी शंका मोठ्याने बोलून दाखवतो. प्रेक्षकाला पटवून द्यावे लागत नाही, कारण तो आधीच हसलेला असतो. हसला म्हणजे त्याला कळले. नाटकाच्या शेवटी ते जोडपे रात्रीच्या शाळेची वाट धरते. कमिटीने नाटक स्वीकारले नाही. ते मुद्रित होण्यास १९७९ साल उजाडावे लागले.

नाटकाला रंगमंच मिळाला नाही, तरी फुल्यांनी ऐकणाऱ्याचा माग सोडला नाही. १८६९ मध्ये त्यांनी शिवाजीराजांवर लिहिले ते पोवाड्याच्या रूपात. कुणबी, माळी, महार, मांग यांना समजावे अशी भाषा योजल्याचे त्यांनी प्रस्तावनेतच सांगितले आहे. 'शेतकऱ्याचा असूड'मधील प्रकरणे जसजशी तयार होत गेली तसतशी त्यांनी ती ठिकठिकाणी लोकांना वाचून दाखविली. श्रोत्यांत सयाजीराव गायकवाडही होते. याच काळात विष्णुशास्त्री चिपळूणकर 'निबंधमाले'तून फुल्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टवाळी करीत होते. ही टवाळी डोळ्यांनी वाचणाऱ्याची होती. फुले लिहीत होते ते कानांसाठी. १८८५ मध्ये ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण त्यांनी नाकारले त्यामागेही हाच प्रश्न दिसतो. ज्यांच्याविषयी ग्रंथ लिहायचे त्यांना त्या सभेत स्थान कोणते?

फुल्यांच्या हयातीत जे बीज रुजले त्याला सत्यशोधक जलशांत अंकुर फुटले. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी पुढे तमाशाचा साचा उचलला. गण, गवळण, बतावणी, वग हा क्रम गावकऱ्यांच्या अंगवळणी पडलेला होता. ढोलकीवर थाप पडली की काय होणार हे त्यांना ठाऊक असे, आणि म्हणूनच ते निर्धास्तपणे येऊन बसत. मग गणात देवाऐवजी सत्याची आळवणी होई, आणि बतावणीत मुहूर्त काढणारा जोशी, व्याज लावणारा सावकार, शाळेत न जाणारे पोर उभे राहत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सातारा-कोल्हापूर भागात या जलशांनी गावेच्या गावे जमविली. मुकुंदराव पाटलांनी तरवडीसारख्या खेड्यातून 'दीनमित्र' चालविला, आणि 'कुलकर्णी लीलामृत' लिहिताना पोथीची ओवीच हाती घेतली. पोथी ऐकायला बसणाऱ्या माणसाला ओवीची सवय होती; आशय बदलला होता तरी कान तेच होते. पुढे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलशांत हीच परंपरा नव्या तेजाने चालविली.

जलशात श्रोता हसतो, गाडगेबाबांच्या कीर्तनात तो उत्तर देतो. १८७६ मध्ये शेंडगावला जन्मलेल्या डेबूजीने हातात खराटा घेतला, डोक्यावर गाडग्याचे खापर ठेवले, आणि दिवसा गाव झाडून रात्री कीर्तन मांडले. कीर्तनात श्रोत्याने टाळ धरायचा, नामघोषात सूर मिसळायचा, ही जुनीच रीत. गाडगेबाबांनी या प्रतिसादाच्या सवयीचा विलक्षण उपयोग केला. देवाला आंघोळ कोण घालतो, असे ते विचारीत. लोक म्हणत, आम्ही. देवापुढच्या नैवेद्यापाशी काठी घेऊन कोण बसतो, कशासाठी बसतो? कुत्रे येईल म्हणून. मग ते पुढचे काहीच बोलत नसत, किंवा अगदी थोडे बोलत. अनुमान श्रोत्यांच्याच तोंडून निघालेले असे, आणि स्वतःच्या तोंडून निघालेल्या शब्दावर रागवायचे कसे? नवस, पशुबळी, कर्ज काढून केलेली लग्ने आणि तेराव्याची जेवणे, अस्पृश्यता, या साऱ्यांवर त्यांनी वऱ्हाडी बोलीत असेच प्रश्न विचारले. पंढरपूरला यात्रेकरूंसाठी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, पण स्वतः विठ्ठलाच्या दर्शनाला ते जात नसत. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपल्याला कोणी शिष्य नाही, हे ते पुन्हा पुन्हा सांगत. श्रोत्याची जागा शिष्याची होऊ नये, ही त्यातली खरी दक्षता होती.

आता किंमतीविषयी. परिचित रूपातून आलेला विचार श्रोता चटकन आपलासा करतो, पण आपलासा करताना त्यातले काटे काढूनही टाकतो. जलशातील विनोद काही ठिकाणी प्रथांवरून माणसांवर, त्यातही स्त्रियांवर घसरला. टाळ्या मिळाल्या, पण विचार मागे पडला. गाडगेबाबांच्या बाबतीत घडले ते अधिक सूक्ष्म आहे. १९५६ मध्ये ते गेले. २००० साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, आणि ते उपयुक्तही ठरले. मात्र सार्वजनिक स्मरणात खराटा राहिला आणि नैवेद्याजवळच्या काठीचा प्रश्न जवळजवळ नाहीसा झाला. ज्याला गुरू व्हायचे नव्हते त्याच्या तसबिरीला हार चढू लागले. उलट ज्या आगरकरांचे त्यांच्या काळात थोड्यांनीच ऐकले, त्यांचा युक्तिवाद मात्र शाबूत आहे. निबंधातला तर्क आजही उचलून जसाच्या तसा तपासता येतो. त्याची आरती करता येत नाही.

म्हणून या दोन मार्गांतून एकच निवडण्याचा मोह टाळला पाहिजे. १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या कार्यात दोन्ही मार्ग एकत्र आलेले दिसतात. समितीचे कार्यकर्ते गावात चमत्कार करून दाखवीत, मग त्यामागचे कारण सांगून तोच चमत्कार प्रेक्षकांतल्या कोणाला करावयास लावीत. ही गाडगेबाबांची रीत. त्याचबरोबर दाभोलकर पुस्तके लिहीत, आक्षेपांना मुद्देसूद उत्तरे देत, कायद्याचा मसुदा चिकाटीने पुढे रेटीत. हे आगरकरांचे ऋण. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात संमत झाला. योग्य रूपबंध सापडला म्हणजे बोलणारा सुरक्षित झाला, असे मानण्याचे कारण नाही, हे या घटनेने कठोरपणे दाखवून दिले. जे ऐकले जाणार नाही त्याची कोणाला भीती वाटत नाही; धोका असतो तो ऐकले जाणाऱ्याला.

साहित्याच्या अभ्यासकांना यातून एक काम उरते. आपल्या अभ्यासक्रमात प्रबोधनपर्व येते ते निबंधाच्या प्रकरणात. जलसा लोकसाहित्यात जातो आणि कीर्तन संतपरंपरेत. ही विभागणी सोयीची आहे, पण तिच्यामुळे एकाच वादाचे तीन तुकडे होतात आणि ज्याच्यासाठी तो वाद चालला होता तो श्रोता कोणत्याच तुकड्यात सापडत नाही. 'सुधारक'मधील एखादा लेख, 'तृतीय रत्न'मधील विदूषकाचे संवाद आणि गाडगेबाबांच्या कीर्तनाची एखादी संहिता ही एकाच तासात शेजारी ठेवून वाचून पाहावी. पहिल्यात उत्तर आहे, दुसऱ्यात हसू आहे, तिसऱ्यात प्रश्न आहे. तिन्ही वाचून झाल्यावर वर्गातला विद्यार्थी गप्प बसतो, हसतो की उलट विचारतो, यावरून त्या रूपबंधांविषयी जे कळेल ते आम्ही येथे सांगितले त्याहून अधिक असेल.