दारूचं रेशन कार्ड आणि सकाळी दहाची रांग

आयुष्यात रांगा पुष्कळ लावल्या. रॉकेलच्या लावल्या, रेशनच्या साखरेच्या लावल्या, गॅसच्या नंबरासाठी लावल्या. पण सत्तरी उलटल्यावर मी दारूच्या दुकानापुढच्या रांगेत उभी राहीन, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. तरीही २०२४ च्या नोव्हेंबरात, स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात, अंगावर लेकीचा जाडजूड कोट आणि डोक्याला मफलर अशा थाटात मी उभी राहिले. दुकान दहाला उघडणार होतं. पुढे पंधरा-वीस माणसं. कुणी ओरडत नव्हतं, कुणी घुसत नव्हतं. माझे जावई हलक्या आवाजात म्हणाले, "आई, आज नवीन बिअर येणार आहेत. छोट्या ब्रुअरीच्या. साठा थोडा असतो, म्हणून लवकर यावं लागतं."

मी हसले खरी, पण पोटात कसंसंच झालं. त्याचं कारण आधी सांगून टाकते. माझे वडील दारू प्यायचे. आमच्या लहानपणी राज्यात दारूबंदी होती, म्हणजे कागदावर होती. ओढ्याच्या पलीकडे हातभट्टी होती आणि पगाराच्या दिवशी वडील त्या वाटेनं घरी यायचे. आई तांदळाच्या डब्यात पैसे लपवायची. ते गेले तेव्हा मी नववीत होते. तेव्हापासून दारूचं दुकान दिसलं की रस्ता ओलांडून पलीकडून जायची सवय लागली, ती अजून आहे.

असो. तर गोथेनबर्ग. (तिथली माणसं 'योतेबोरी' म्हणतात. मला ते शेवटपर्यंत नीट जमलं नाही.)

स्वीडनमध्ये साडेतीन टक्क्यांपर्यंतची बिअर किराणा दुकानात मिळते. त्यापेक्षा कडक काहीही घरी न्यायचं असेल तर देशभर एकच दुकान, सरकारी मालकीचं. त्याचं नाव सिस्तेमबोलागेत. हिरवी-पिवळी पाटी, आत आमच्या तालुक्याच्या वाचनालयापेक्षा जास्त शिस्त. वय वीस पूर्ण हवं, आणि चेहरा पंचविशीच्या आतला वाटला तरी ओळखपत्र मागतात. शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास बंद, रविवारी तर उघडतच नाही. 'दोनवर एक फुकट' असला प्रकार नाही. सहाचा खोका असेल तर त्यातला एकच डबा काढून घेता येतो, दर तोच. बिअर थंड करून ठेवलेली नसते. घरी न्या, तुमच्या फ्रीजमध्ये ठेवा!

आमच्या घरात दारू म्हणजे लपवण्याची गोष्ट. इथे एखाद्या ग्रंथपालाने पुस्तक सुचवावं तसा विक्रेता जावयांना सांगत होता की ही काळी बिअर मटणाबरोबर घ्या, ती दुसरी मात्र चीजबरोबर. आणि वर मला पाहून, बिनअल्कोहोलच्या बिअरचं कपाट तिकडे आहे हेही त्याने आपणहून सांगितलं. मी चाट पडले. हे दुकान आलं कुठून? इतिहासाच्या मास्तरणीला हा प्रश्न पडला की जेवण गोड लागत नाही. पुढचे पंधरा दिवस लेकीच्या घरी बसून मी हेच वाचत राहिले.

मूळ शोधत गेलं की बटाट्यापाशी पोचतो. एव्हा एकेब्लाड नावाच्या सरदार घराण्यातल्या बाईंनी १७४६ मध्ये बटाट्यापासून पीठ आणि दारू करता येते हे दाखवून दिलं. त्याबद्दल १७४८ साली स्वीडिश विज्ञान अकादमीने त्यांना सभासद करून घेतलं, त्या पहिल्या स्त्री सभासद. हेतू चांगला होता. दारूसाठी लागणारं धान्य वाचेल, लोकांना भाकरी मिळेल. पण बटाटा स्वस्त, भट्टी घरोघरी, आणि 'ब्रेनविन' ही त्यांची कडक दारू घरोघरी. १८२९ साली या छोट्या देशात १,७०,००० हून अधिक भट्ट्या नोंदलेल्या होत्या. माझ्या ओढ्यापलीकडे एक होती, तर इथे शेताशेतात! मग चर्चमधले पाद्री उभे राहिले, दारूमुक्तीच्या चळवळी झाल्या, आणि १८५५ च्या कायद्यानंतर घरगुती भट्टी संपली.

पुढचं पाऊल याच गोथेनबर्ग शहरात पडलं. शहरातल्या गरिबीची कारणं शोधायला समिती नेमली, तिला ब्रेनविनचे गुत्ते दिसले. बंदी घालण्याऐवजी त्यांनी १८६५ मध्ये वेगळाच मार्ग काढला. गुत्त्यांचे परवाने एका कंपनीकडे दिले आणि ठरवलं की भागधारकांना ठरावीक व्याजापलीकडे काही मिळायचं नाही, उरलेला नफा लोककल्याणाच्या कामाला. यातली मेख लक्षात घ्या. ज्याला जास्त विकून जास्त मिळत नाही, तो पिणाऱ्याला 'आणखी एक घ्या' म्हणून आग्रह कशाला करील? पुढे स्कॉटलंडमधल्या खाणकामगारांच्या गावांनीही हा कित्ता गिरवला. तिथे अशा गुत्त्यांना 'गॉथ' असंच नाव पडलं, काही ठिकाणी ते अजून आहे. उलट स्कॉटलंडचा डेव्हिड कार्नेगी १८३६ पासून गोथेनबर्गमध्ये काळी पोर्टर बिअर बनवत होता, आणि त्याच्या नावाची पोर्टर आजही त्या सरकारी दुकानात मिळते. देवाणघेवाण बरोबरीची झाली म्हणायची.

मग आले डॉक्टर इव्हान ब्राट. त्यांना बंदी नको होती, हिशेब हवा होता. १९१४ साली स्टॉकहोममध्ये त्यांनी 'मूतबूक' सुरू केलं आणि काही वर्षांत ते देशभर पसरलं. मूतबूक म्हणजे सरळ सरळ दारूचं रेशन कार्ड. प्रत्येक खरेदीची त्यात नोंद. महिन्याला किती लिटर हे तुमचं वय, मिळकत, कर भरता की नाही, चालचलणूक कशी, यावर ठरे. चौकशीचा माणूस घरी येई. बेकाराला कार्ड मिळणं कठीण. आणि लग्न झालेल्या बाईला? तिला कार्डच नाही, नवऱ्याचं आहे ना! ते वाचताना मला राग आला आणि हसूही आलं. ज्या बाईला दारूचा सगळ्यात जास्त त्रास, तिला हिशेबाच्या वहीत जागाच नव्हती.

पण मताच्या पेटीत तिला जागा मिळाली. स्वीडिश स्त्रियांनी संसदेसाठी पहिलं मतदान १९२१ मध्ये केलं, आणि लगेच पुढच्या वर्षी, २७ ऑगस्ट १९२२ ला, संपूर्ण दारूबंदीवर देशाचं सार्वमत झालं. व्यंगचित्रकार अल्बर्ट एंगस्ट्रोम यांनी बंदीविरुद्ध भित्तिपत्रक काढलं. त्यात ताटात लालबुंद क्रेफिश (आपल्या शेवंडीचा गोड्या पाण्यातला धाकटा भाऊ), आणि क्रेफिश खायचे तर सोबत ही पेयं हवीतच अशा अर्थाचा मजकूर. ऑगस्ट हा त्यांचा क्रेफिशचा महिना! पुरुषांची आणि स्त्रियांची मतं वेगवेगळी मोजली गेली. बहुसंख्य स्त्रिया बंदीच्या बाजूने, बहुसंख्य पुरुष विरोधात. निकाल ५१ टक्के विरुद्ध ४९. बंदी हरली.

इथे मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. कारण मीही असं एक मत टाकलेलं आहे. आमच्या गावात देशी दारूच्या दुकानावर बायकांचं मतदान झालं होतं, उभी बाटली की आडवी बाटली. दुकान बंद व्हायला एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. आम्ही घरोघर फिरलो. मतं पडली ती बहुतेक आडवीच पडली, पण निम्म्या बायका घराबाहेरच आल्या नाहीत. कुणाच्या नवऱ्याने सोडलं नाही, कुणाची मजुरी बुडत होती. दुकान राहिलं. १९२२ च्या त्या स्वीडिश बायकांना निकाल कळल्यावर काय वाटलं असेल, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

त्यांच्याकडे हरल्यावरही गोष्ट संपली नाही, रेशन कार्ड चालूच राहिलं. बिअरची तर अधिकच गंमत. कडक बिअर १९२३ पासून १९५५ पर्यंत बाजारातून हद्दपार होती, ती मिळे औषधाच्या दुकानात, डॉक्टरच्या चिठ्ठीवर! (आपल्याकडेही प्रकृतीच्या कारणासाठी परवाने होतेच की. आणि दारू प्यायला परवाना हवा, हे आपल्या कायद्यात आजही आहे.) १ ऑक्टोबर १९५५ ला मूतबूक रद्द झालं. लोकांनी त्याला गमतीने 'ऑक्टोबर क्रांती' म्हटलं. त्याच दिवशी निरनिराळ्या दारू कंपन्या एकत्र होऊन आजची कंपनी कामाला लागली. पिणं इतकं वाढलं की सरकारने कर वाढवले आणि कडक दारू सोडून वाइनकडे वळा म्हणून मोहीम काढली. दुकानात गल्ल्याजवळ लाल दिवा असे. तो मध्येच पेटला की समोरच्या गिऱ्हाइकाने ओळख पटवायची, नाव काळ्या यादीत आहे का ते बघितलं जाई. १९६५ मध्ये मध्यम कडक बिअर किराणा दुकानात ठेवून पाहिली, पोरंसोरं पिऊ लागली, १९७७ मध्ये ती काढून घेतली.

मग त्या सकाळच्या रांगेतल्या छोट्या ब्रुअऱ्या कधी आल्या? १९९५ मध्ये स्वीडन युरोपीय संघात गेला. आयात आणि घाऊक विक्रीवरची सरकारी मक्तेदारी गेली, किरकोळ विक्रीची राहिली. हॅरी फ्रान्झेन नावाच्या दुकानदाराने मुद्दाम वाइन विकून खटला ओढवून घेतला, तो युरोपीय न्यायालयात गेला. १९९७ मध्ये निकाल लागला की ही किरकोळ मक्तेदारी चालेल, पण देशी-परदेशी मालात भेदभाव नको. आता ही अट किती फळली बघा. दुकानाला हवा असलेला माल जाहीर करायचा, पुरवठादारांनी नमुने द्यायचे, चाखणाऱ्यांना कुणाची बाटली ते कळू द्यायचं नाही. आमच्या बोर्डाच्या उत्तरपत्रिकांसारखं, नाव झाकून तपासणी! मोठ्या कारखान्याला कपाटातली मोक्याची जागा विकत घेता येत नाही. खेड्यातल्या ब्रुअरीचा माल निदान जवळपासच्या दुकानांत तरी ठेवायची सोय आहे. ओरेब्रोची 'नेर्के', हेदेमोराची 'ओपिगोर्ड्स', नीनेसहाम्नची ब्रुअरी, ही नावं अशी पुढे आली. एका डॉक्टरच्या रेशन कार्डाचं हे नातवंड. पिणाऱ्यावर नजर ठेवायला बांधलेलं दुकान लहान कारागिराच्या उपयोगी पडलं, हे ब्राटसाहेबांच्या स्वप्नातही नसेल.

सगळं गोड आहे असं नाही. ब्रुअरीवाल्यांची तक्रार अशी की स्वतःच्या दारात स्वतःची बाटली विकता येत नाही. जावयांची तक्रार रविवारची. मी दोघांचंही ऐकून घेतलं, पण माझं मत रविवारच्या कुलपाला.

त्या दिवशी दार उघडलं तेव्हा कपाटात नाताळच्या बिअर मांडल्या होत्या आणि शेजारी नव्या, थोड्या साठ्याच्या. एका डब्यावर चक्क 'इंडिया' लिहिलेलं. इंडिया पेल एल. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या साहेबांसाठी यायची ती बिअर, हॉप्स जास्त घातलेली. मी तीस वर्षं कंपनी सरकार शिकवलं, त्यात निळीचे मळे आले, अफू आली, ही बिअर कधी आलीच नाही. जावयांनी ती दोन घेतली, एक काळी पोर्टर घेतली, पावती घडी घालून खिशात ठेवली. तीन डबे! रांगेत अर्धा तास उभं राहून माणूस तीन डबे घेऊन निघतो, हे मला वडिलांच्या संदर्भात मनातल्या मनात मांडून बघता येईना. वडिलांना असं कार्ड, असा गल्ला, असा लाल दिवा असता तर? ओढ्यापलीकडची भट्टी तर कुठल्याच हिशेबात नव्हती. मला ठाऊक नाही.

रात्री त्यांनी एक डबा ग्लासात ओतला आणि माझ्यापुढे धरला. "आई, पिऊ नका, नुसता वास घ्या." घेतला. मला भीती होती त्या वासाची. पण तो संत्र्याच्या सालीसारखा होता.

परवा लेकीचा फोन आला. १ जून २०२५ पासून तिकडे कायदा बदललाय, ब्रुअरी आता आपल्या दारात थोडा माल विकू शकते, सहा वर्षांच्या प्रयोगापुरतं. पण अट आहे. गिऱ्हाइकाने आधी पैसे भरून ब्रुअरी बघायची किंवा माहितीचं व्याख्यान ऐकायचं, मगच बिअर घ्यायची, तीही माणशी तीन लिटरपर्यंत. आधी तास, मग बाटली! जावयांनी पुढच्या उन्हाळ्यासाठी माझंही नाव घातलंय. व्याख्यानाला मी पहिल्या बाकावर बसणार आणि प्रश्न विचारणार, हे त्यांना आत्ताच सांगून ठेवलंय.