विघटित राष्ट्राचा क्रीडावारसा : झेल्को ओब्रादोविच यांच्या कारकिर्दीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

क्रीडा-इतिहासाचे लेखन बहुधा व्यक्तिकेंद्रित असते. विजय झाला की तो खेळाडूच्या वा प्रशिक्षकाच्या नावावर मांडला जातो आणि त्यामागील संस्थात्मक परंपरा दुर्लक्षित राहते. सर्बियाचे बास्केटबॉल प्रशिक्षक झेल्को ओब्रादोविच यांनी १९९२ ते २०१७ या काळात पाच वेगवेगळ्या क्लबांना एकूण नऊ वेळा युरोपचे अजिंक्यपद मिळवून दिले. अन्य कोणत्याही प्रशिक्षकाला एवढी अजिंक्यपदे मिळालेली नाहीत. हे यश केवळ वैयक्तिक प्रतिभेचे फलित आहे, की ज्या राष्ट्राने त्यांना घडविले त्याच्या ज्ञानपरंपरेचेही आहे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बेलग्रेडची प्रशिक्षण परंपरा :

१९५० मध्ये ब्युनोस आयर्स येथे झालेल्या पहिल्या जागतिक स्पर्धेत युगोस्लाव्हियाचा संघ दहा संघांत दहावा आला. नेबोयशा पोपोविच, बोरिस्लाव स्टान्कोविच, राडोमिर शापर आणि अलेक्झांडर निकोलिच या चौघांनी पुढे देशातील बास्केटबॉलची पायाभरणी केली. स्टान्कोविच हे १९७६ ते २००२ या काळात आंतरराष्ट्रीय महासंघाचे सरचिटणीस होते. निकोलिच ‘प्रोफेसर’ या नावानेच ओळखले जात. त्यांनी इटलीतील वारेसे क्लबला १९७०, १९७२ व १९७३ मध्ये युरोपचे, तर १९७८ मध्ये आपल्या देशाला जगाचे अजिंक्यपद मिळवून दिले. त्यापूर्वी १९७० मध्येच युगोस्लाव्हिया ल्युब्लियाना येथे प्रथम विश्वविजेता ठरला होता. तळाच्या क्रमांकापासून विश्वविजेतेपदापर्यंतचा हा २० वर्षांचा प्रवास पद्धतशीर प्रशिक्षणाचा परिणाम होता.

खेळाडू ते प्रशिक्षक :

ओब्रादोविच यांचा जन्म ९ मार्च १९६० रोजी चाचाक येथे झाला. गावच्या बोरात्स क्लबकडून खेळल्यानंतर १९८४ मध्ये ते बेलग्रेडच्या पार्टिझान क्लबमध्ये दाखल झाले. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक आणि १९९० च्या जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या राष्ट्रीय संघांत त्यांचा समावेश होता. द्राझेन पेट्रोविच, टोनी कुकोच यांच्यासारख्या खेळाडूंच्या तुलनेत त्यांचे स्थान दुय्यम होते. परंतु चेंडू वाटणाऱ्या गार्डच्या जागी खेळताना संपूर्ण खेळाचे भान ठेवावे लागते. या अनुभवाचा त्यांना पुढे उपयोग झाला असावा. १९९१ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, खेळ थांबवून त्यांनी पार्टिझानचे प्रशिक्षकपद स्वीकारले. अनुभवी निकोलिच त्यांचे सल्लागार झाले. प्रशिक्षणाचा पूर्वानुभव नसलेल्या तरुणाशेजारी ज्येष्ठ गुरूला बसविण्याची ही व्यवस्था त्या परंपरेचे स्वरूप स्पष्ट करते.

युद्धकाळातील विजय :

त्याच वर्षी युगोस्लाव्हियात युद्ध भडकले. सुरक्षिततेच्या कारणास्तव युगोस्लाव्ह क्लबांना युरोपीय स्पर्धेतील स्वगृहीचे सामने देशाबाहेर खेळावे लागले. पार्टिझानने त्यासाठी माद्रिदजवळील फुएनलाब्रादा हे शहर निवडले. १६ एप्रिल १९९२ रोजी इस्तंबूल येथे अलेक्झांडर जॉर्जेविच यांनी अखेरच्या क्षणी केलेल्या तीन गुणांच्या फेकीमुळे पार्टिझानने स्पेनच्या होवेन्तुत संघाला ७१-७० असे हरविले. त्याच महिन्यात साराजेव्होचा वेढा सुरू झाला होता. ३० मे रोजी संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध लादले, त्यांत क्रीडासंबंधांचाही समावेश होता. त्यामुळे विजेत्या पार्टिझानला पुढील हंगामात आपले अजिंक्यपद राखण्याची संधीच मिळाली नाही. जॉर्जेविच, प्रेद्राग दानिलोविच यांसारखे खेळाडू इटलीला गेले आणि १९९३ मध्ये ओब्रादोविचही स्पेनला गेले.

परदेशातील कारकीर्द :

ज्या होवेन्तुतला त्यांनी हरविले होते, त्याच संघाला त्यांनी १९९४ मध्ये युरोपविजेता केले. १९९५ मध्ये रेआल माद्रिद, त्यानंतर अथेन्सच्या पानाथिनाइकोसला २०००, २००२, २००७, २००९ व २०११ असे पाच वेळा आणि २०१७ मध्ये इस्तंबूलच्या फेनरबाह्चेला हे पद मिळाले. १९९४ च्या अंतिम सामन्याचा निकाल ५९-५७ होता, तर २०१७ चा ८०-६४. मधल्या काळात, २००० मध्ये, फेकीची मुदत ३० सेकंदांवरून २४ सेकंदांवर आली आणि खेळाची गती वाढली. बदलत्या नियमांतही त्यांची पद्धत टिकून राहिली.

मर्यादा :

१९९८ मध्ये युगोस्लाव्हियाला जागतिक सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या ओब्रादोविच यांना २००५ मध्ये स्वदेशात झालेल्या युरोपीय स्पर्धेत अपयश आले. फ्रान्सकडून पराभव झाला, संघातील बेबनाव उघड झाला आणि त्यांनी पद सोडले. शिस्त आणि ज्ञान यांना संघभावनेची जोड नसेल तर यश मिळत नाही, हे यावरून दिसते. पानाथिनाइकोस व फेनरबाह्चे या क्लबांचे आर्थिक बळही दुर्लक्षून चालणार नाही.

निष्कर्ष :

राष्ट्र लयाला गेले तरी त्याने घडविलेली विद्या माणसांबरोबर अन्यत्र गेली. पानाथिनाइकोसमधील त्यांचे सहायक दिमित्रिस इतुदिस यांनी २०१६ व २०१९ मध्ये मॉस्कोच्या त्सेस्का संघाला, तर तेथील त्यांचे खेळाडू शारुनास यासिकेविचियस यांनी २०२५ मध्ये फेनरबाह्चेला युरोपविजेता केले. एक ग्रीक, दुसरे लिथुआनियन. मात्र या प्रवासाची किंमत मायभूमीने मोजली. १९९२ नंतरच्या तीन दशकांत सर्बियाच्या एकाही क्लबला हे पद मिळाले नाही. २०२१ मध्ये ओब्रादोविच पार्टिझानमध्ये परतले. २०२३ व २०२५ मध्ये त्यांनी प्रादेशिक एबीए लीग जिंकली, परंतु युरोपीय यश हुलकावणी देत राहिले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. गुरू परत आला तरी विस्कटलेली गुरुकुलव्यवस्था त्याच्याबरोबर परत येत नाही. संस्था उभारण्यास दोन पिढ्या लागतात आणि ती मोडण्यास एक हंगाम पुरतो, हेच या कारकिर्दीतून दिसून येते.