त्रिकोणांची मोटर

इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरचं सिम्युलेशन लावलं की माझ्या स्क्रीनवर आधी त्रिकोणांची जाळी उमटते. तिचं एक मूळ निर्वासिताच्या वहीत आहे. गणितज्ञ रिचर्ड कूरांट यांना १९३३ साली नाझींनी ग्योटिंगेन विद्यापीठातून काढलं. पुढे न्यूयॉर्कमध्ये, १९४३ साली, त्यांनी आकाराचे त्रिकोण पाडून उत्तराजवळ जाण्याची रीत मांडली. हाताशी संगणक नव्हता. रीत पडून राहिली.

१९७० च्या सुमारास मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात चारी आणि सिल्व्हेस्टर यांनी त्याच धर्तीची रीत विद्युतयंत्रांना लावली. लोखंड चुंबकत्वाने ‘भरलं’ की साधी सूत्रं फसतात. त्रिकोण मात्र जागोजागचा हिशेब ठेवतात.

आज सॉफ्टवेअर जाळी क्षणात विणतं. पण रोटर-स्टेटरमधल्या चिंचोळ्या फटीत ती पुरेशी बारीक आहे का, हे आपणच तपासायचं. नाहीतर टॉर्कचा सुबक आकडाही खोटा.