येडशीची वाट आणि घरचा हिशेब

इतिहास म्हटला की राजेरजवाडे, लढाया आणि तहनामे डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु दिवेलागणीनंतर घरातील कर्ती माणसे मुलाच्या शिक्षणाचा जो हिशेब मांडीत बसतात, त्याचीही इतिहासात कोठे तरी नोंद व्हावयास हवी. मुलाच्या मनात एक असते, वडिलांच्या मनात दुसरे असते, आणि या दोहोंच्या मध्ये पैशाचा प्रश्न उभा असतो. या प्रश्नाचा मराठी मुलखातील प्रवास पाहू जाता, धाराशिव जिल्ह्यातील येडशी या गावाजवळ थांबणे उपयुक्त ठरते.

बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेले हे गाव जवळच्या रामलिंगाच्या देवस्थानामुळे सर्वांस परिचित आहे. सोलापुराहून औरंगाबादेकडे जाणारा रस्ता आणि बार्शीहून लातुराकडे जाणारा रस्ता येथेच एकमेकांस छेदतात. येडशीचे दुसरे महत्त्व तिच्या आगगाडीत आहे. जी. आय. पी. रेल्वेच्या सेवेसाठी 1882 मध्ये हिंदुस्थानात आलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज एंजिनियराने अरुंद रुळांच्या, स्वस्त खर्चाच्या रेल्वेची कल्पना मनाशी धरली. 1895 साली कंपनी उभी राहिली आणि 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे कुर्डुवाडी, ते बार्शी ही गाडी सुरू झाली. रुळांमधील अंतर अवघे 2 फूट 6 इंच. 1907 साली हे रूळ येडशीवरून तडवळ्यापर्यंत गेले आणि 1911 साली लातुरास पोहोचले. लोकांनी तिला ‘बार्शी लाईट’ म्हटले आणि तेच नाव रूढ झाले.

ही गाडी दोन राज्यांना जोडीत होती. बार्शी मुंबई इलाख्यात होती, तर येडशी निजामाच्या राज्यात. नकाशावर हे अंतर काही कोसांचेच दिसते. परंतु ज्या घरातील मुलाला शिकण्यासाठी सरहद्द ओलांडावयाची असे, त्या घराला ते फार मोठे वाटे. इकडे करोडगिरीचे नाके, तिकडे इंग्रजी अंमल. इकडे चालणारा रुपया ‘हाली’ शिक्क्याचा, तिकडे चालणारा ‘कलदार’. शंभर कलदार रुपये हवे असतील, तर साधारण एकशे सोळा-सतरा हाली रुपये मोजावे लागत. म्हणजे मुलाची फी आणि खानावळ यांचा आकडा सरहद्द ओलांडताच आपोआप वाढे. जोंधळा विकून आलेला पैसा मोजणाऱ्या बापास हा फरक चांगलाच जाणवत असला पाहिजे.

मग घरच्या राज्यातच का शिकू नये? निजामाच्या राज्यात वरच्या वर्गांतील शिक्षण उर्दूतून दिले जाई. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचीही शिक्षणभाषा उर्दूच होती. मराठी घरातील मुलाला आपली भाषा बाजूस ठेवून पुढे जावे लागे. खाजगी शाळा आणि सार्वजनिक सभा यांवर सरकारी परवानगीचे निर्बंध होते. अशा स्थितीत मुलाने उर्दू शिकावी, सरकारी कचेरीत चिकटावे आणि घराला हातभार लावावा, अशी वडिलांची इच्छा असल्यास नवल नाही. तिला केवळ भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. जेथे पावसाचा भरवसा नाही, तेथे महिन्याच्या महिन्यास येणाऱ्या पगाराचे मोल पोटभर जेवणाऱ्यास कळणार नाही.

हाच प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी पुण्यातील तरुणांपुढे आला होता, आणि त्यांनी दिलेले उत्तर पुढे मराठवाड्यापर्यंत पोहोचले. गोपाळ गणेश आगरकर हे कऱ्हाडजवळील टेंभूचे, अत्यंत गरीब घरातले. एकच सदरा रात्री धुवून सकाळी घालीत त्यांनी कॉलेजचे शिक्षण केले. मुलगा मोठा पदवीधर होतो आहे, आता घराचे पांग फिटतील, अशी त्यांच्या आईची आशा असणे स्वाभाविक होते. आगरकरांनी आईला पत्र लिहून कळविले की, मोठ्या पगाराची अपेक्षा धरू नये. पोटापुरते मिळवून उरलेला वेळ लोकहितासाठी वेचण्याचा आपला निश्चय आहे. या पत्राचे कौतुक त्यागासाठी पुष्कळ झाले आहे. परंतु त्यातील वेळेवरचा स्पष्टपणा त्याहून विचार करण्यासारखा आहे. आई वर्षानुवर्षे आशेवर राहील आणि मग तिची निराशा होईल, असे त्यांनी होऊ दिले नाही.

दुसरे उदाहरण गोपाळ कृष्ण गोखले यांचे. 1879 साली वडील वारल्यावर थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून मासिक 15 रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यातील 8 रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. मॅट्रिक झाल्यावर गोपाळरावांनी नोकरी धरण्याचे मनात आणले, तेव्हा वहिनींनी आपले दागिने विकण्याची तयारी दाखविली, पण दिराचे शिक्षण थांबू दिले नाही. 1884 साली ते बी. ए. झाले. वकिली किंवा सरकारी हुद्दा यांची आशा घरात असणारच. परंतु ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये 35 रुपयांवर शिक्षक झाले आणि पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद. त्या सभासदांनी वीस वर्षे सेवेची शपथ घ्यावयाची आणि मासिक 75 रुपयांत संसार चालवावयाचा, असा करार होता. ज्या भावाने आपल्या शिक्षणावर पाणी सोडले होते, त्याचे मन गोपाळरावांना आधी वळवावे लागले. गोखल्यांचे नाव देशभर झाले. गोविंदरावांचे नाव चरित्रांच्या पहिल्या प्रकरणातच राहिले. तथापि जमाखर्च मांडावयाचा तर पहिली जमा त्या आठ रुपयांचीच धरावी लागेल.

पुण्यात रुजलेली ही वृत्ती राष्ट्रीय शाळांच्या रूपाने ठिकठिकाणी गेली. येडशी ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील हिप्परगा या खेड्यात 1921 साली एक राष्ट्रीय शाळा निघाली. 1929 साली तेथे मुख्याध्यापक म्हणून व्यंकटेश खेडगीकर नावाचा पंचविशीतला तरुण आला. त्याचा जन्म 3 ऑक्टोबर 1903 चा. सोलापुरात शिकत असताना असहकाराच्या काळात त्याने सरकारमान्य शाळा सोडली, अमळनेर व पुणे येथे राष्ट्रीय शिक्षण घेतले आणि ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगारांत काम केले. एवढे शिकलेल्या तरुणाला शहरात बरी जागा मिळाली असती. त्याने निजामी राज्यातील खेड्यातली शाळा पसंत केली. 1932 साली संन्यास घेतल्यावर तो स्वामी रामानंद तीर्थ या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व पुढे त्याच्याकडे आले.

संन्याशाला घरचा हिशेब उरत नाही. विद्यार्थ्याला तो चुकत नाही. म्हणूनच 1938 सालची हकीकत अधिक बोलकी आहे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातील वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावर बंदी आली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही. हे लोण हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठापर्यंत आणि इतर गावांपर्यंत गेले, आणि अनेक विद्यार्थ्यांची नावे पटावरून काढण्यात आली. भरलेली फी गेली, वर्ष गेले, सरकारी नोकरीचे दार बंद झाले. घरोघरी वडिलांनी कपाळाला हात लावला असेल. त्या वेळी टी. जे. केदार हे कुलगुरू असलेल्या नागपूर विद्यापीठाने या मुलांसाठी आपली दारे उघडली. परंतु नागपूर दूर, आणि खर्च कलदारात. ज्या घरांनी तरीही मुलांना पाठविले, त्यांनी कसलीही शपथ न घेता त्या लढ्यात आपला वाटा उचलला. या चळवळीत असलेल्या तरुणांपैकी पी. व्ही. नरसिंह राव यांनी पुढे नागपूर विद्यापीठातून कायद्याचे शिक्षण घेतले आणि 1991 साली ते देशाचे पंतप्रधान झाले. बहुतेकांच्या वाट्याला असे काही आले नाही. ते शिक्षक झाले, वकील झाले, कोणी शेतीवर परतले.

17 सप्टेंबर 1948 रोजी निजामी राजवट संपली. हाली रुपया यथावकाश चलनातून गेला. 1954 साली बार्शी लाईट सरकारच्या मालकीची झाली. 23 ऑगस्ट 1958 रोजी औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले आणि आपल्या भाषेच्या मुलखात उच्च शिक्षणाची सोय झाली. 2008 पर्यंत कुर्डुवाडी ते लातूर हा मार्ग रुंद रुळांचा झाला. सरहद्द गेली, नाके गेले, गाडी बदलण्याची यातायातही गेली.

परंतु घरचा हिशेब मात्र संपलेला नाही. एके काळी येडशीच्या मुलाची शिक्षणाची वाट पश्चिमेस बार्शीकडे जाई. आज ती पूर्वेस लातुराकडेही जाते. तेथील शिकवणीचे वर्ग वैद्यकीय आणि एंजिनियरिंगच्या प्रवेशपरीक्षांसाठी महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहेत. शेताचा तुकडा गहाण ठेवून किंवा आईच्या पाटल्या मोडून वर्गांची फी भरणारी घरे आजही आहेत. मुलगा डॉक्टर होईल, ही त्यांची आशा. आणि मुलाचे मन कदाचित चित्रकलेत, क्रीडांगणावर किंवा इतिहासाच्या पुस्तकात रमलेले. पूर्वी आड येणारी परकी राजवट बोटाने दाखविता येत असे; आता आड येतो तो बहुधा घरातला अबोला.

तरुणांनी सरसकट वडिलांचे ऐकावे, असे वरील उदाहरणांवरून निघत नाही; आणि वडिलांनी आपली आशा टाकून द्यावी, असेही निघत नाही. आगरकरांनी आईपासून काही लपविले नाही, आणि गोखल्यांनी भावाचे ऋण विसरून आपला मार्ग धरला नाही. आपल्याला काय व्हावयाचे आहे हे मुलाने वेळीच, पाटल्या मोडण्यापूर्वी सांगावे. घरात किती आहे आणि किती झेपेल हे वडिलांनी न लाजता सांगावे. दोन्ही गोष्टी एका ठिकाणी बसून बोलल्या गेल्या, तर निम्मा तंटा तेथेच मिटतो. उरलेल्या निम्म्यासाठी त्याग करावा लागतो, आणि तो एकट्या मुलानेच करावयाचा असतो असे नाही, हे गोविंदरावांच्या आठ रुपयांनी पूर्वीच दाखवून दिले आहे.