रिट्रीट

लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांच्या इंग्रजी आत्मचरित्राचे नाव ‘फ्रॉम रेव्हॅली टू रिट्रीट’. ते १९८६ साली प्रसिद्ध झाले. रेव्हॅली म्हणजे छावणीत पहाटे वाजणारा बिगुल, रिट्रीट म्हणजे सूर्यास्ताला ध्वज उतरवताना वाजणारा. शिपायाचा एक दिवस, इतका साधा अर्थ. अनुवादक म्हणून मी मात्र दुसऱ्या शब्दापाशी दर वेळी थबकते. इंग्रजीत माघारीलाही तोच शब्द आहे. मराठीत दोन्ही अर्थ एका शब्दात मावत नाहीत, आणि थोरातांच्या कारकिर्दीत माघार वगळून चालत नाही.

कोल्हापूरकडचा हा माणूस १९२६ मध्ये सँडहर्स्टहून अधिकारी होऊन बाहेर पडला. जानेवारी १९४५ मध्ये आराकानातल्या कांगॉच्या लढाईत ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते: थोरात, थिमय्या आणि एल. पी. सेन. त्या काळी ही नवलाचीच गोष्ट. तिघांनाही डीएसओ मिळाला. ही तीन नावे लक्षात ठेवावीत, पुढे ती पुन्हा एकत्र येतात.

१९५३ मध्ये मायदेशी परतायला नकार देणाऱ्या वीस हजारांहून अधिक चिनी व उत्तर कोरियाई युद्धकैद्यांना सांभाळण्यासाठी भारतीय तुकडी कोरियात गेली. आयोगाचे अध्यक्ष थिमय्या, तुकडीचे प्रमुख थोरात. दक्षिण कोरियाच्या सरकारने आपल्या भूमीवर पाय ठेवू न दिल्यामुळे आपल्या जवानांना हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. तिथे कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला ओलीस धरले, तेव्हा थोरात मोजक्या माणसांसह कुंपणाच्या आत गेले आणि बोलून-दटावून त्याला परत घेऊन आले.

१९५७ ला ते पूर्व विभागाचे प्रमुख झाले. नेफाची, म्हणजे आजच्या अरुणाचलाची, सीमा त्यांच्याकडे आली. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी एक टिपण धाडले. त्याचा गाभा असा: अगदी सीमेवरच्या चौक्या इशारा देण्यापुरत्या ठेवाव्यात, त्यांनी लढत लढत मागे यावे, आणि खरी लढाई बोमडिला, झिरो, दापोरिजो अशा रेषेवर द्यावी. तिथपर्यंत येता येता शत्रूची रसद लांबते, आपली आखूड होते. गनिमी काव्याच्या मुलखातल्या माणसाला हे सुचावे यात मला आश्चर्य वाटत नाही, पण हा माझा मराठी पक्षपात असेल. हिशेब मात्र साधा होता: रस्ते, खेचरे, तोफा. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किला’ नावाच्या सरावात त्यांनी तो वरिष्ठांपुढे नकाशावर मांडला.

स्वतःची जमीन सोडून मागे येणे, तेही आधी ठरवून! संसदेत कुणी हे उच्चारायचे? आत्मचरित्रात थोरात लिहितात की संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना ते टिपण घबराट पसरवणारे वाटले. चीनला आपण मुत्सद्देगिरीने थोपवू, असा त्यांचा विश्वास होता.

१९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. त्यांच्या मनातले वारस थोरात होते, सरकारने थापर यांना निवडले. थोरातही निवृत्त झाले आणि पूर्व विभाग कांगॉच्या तिसऱ्या साथीदाराकडे, सेन यांच्याकडे आला. त्याच नोव्हेंबरात चौक्या आणखी पुढे सरकवण्याचे धोरण ठरले. ऑक्टोबर १९६२ मध्ये तवांग पडले, नोव्हेंबरात से ला आणि बोमडिला. जी माघार आखून घ्यायची होती, ती अंगावर कोसळली. घसरलेल्या, उपाशी, कापसाच्या कपड्यांतल्या जवानांची ती माघार थोरातांच्या कागदावरच्या माघारीहून फार वेगळी. मराठीत दोघींना शब्द एकच. मी अजून दुसरा शोधते आहे.

पराभवानंतर नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतले. थोरातांच्या सांगण्यानुसार टिपण वाचून पंतप्रधानांनी विचारले, हे मला का दाखवले नाही? थोरात म्हणाले, याचे उत्तर मेननच देऊ शकतील.